अल्फारेटात सापडलेला दीनार

अटलांटाच्या विमानतळावर उतरले तेव्हा माझ्या बॅगेतली सगळ्यात संशयास्पद वस्तू म्हणजे दोन किलो काळा मसाला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने मसाल्याची पिशवी हुंगली, दोनदा शिंकला आणि ती बाजूला ठेवली. मग त्याने खालचा स्टीलचा डबा उघडला. आत मऊ कापडात गुंडाळलेली बारा नाणी होती.

"ही खरी आहेत?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नाही, नकला आहेत. मुलांना शिकवायला आणल्यात."

त्याने एक नाणं उचलून उजेडात धरलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि डबा बंद करून माझ्या हातात दिला. मी निश्चिंत मनाने बाहेर पडले.

बार्शीच्या शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. बार्शीहून तेर तासाभराच्या अंतरावर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथलं सुती कापड पैठणमार्गे भडोचच्या बंदरात जायचं, तिथून मोसमी वाऱ्यावर तांबडा समुद्र, मग इजिप्त, मग रोम. परतीच्या जहाजांतून दोन कानांच्या उंच रांजणांत द्राक्षाची दारू यायची, आणि यायची चांदी. हे सगळं शिकवताना मुलांच्या हातात काहीतरी द्यावं असं मला नेहमी वाटायचं. आमच्या भागात एक छोटं संग्रहालय आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही). त्याच्या सल्लागार समितीवर मी होते. समितीची परवानगी काढून तिथल्या एका रोमन नाण्याचा साचा मी ओळखीच्या ओताऱ्याकडून करून घेतला होता आणि कथलाच्या बारा नकला ओतून घेतल्या होत्या. त्याने त्या काळवंडवून अशा हुबेहूब केल्या की मीच त्याची पाठ थोपटली.

जॉर्जिया राज्यातल्या, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला माझी विद्यार्थिनी प्रज्ञा राहते. तिथल्या मराठी शाळेत ती दर शनिवारी शिकवते. "बाई, तुम्ही या आणि आमच्या पोरांना तेर आणि रोमचा तास घ्या," असा तिचा दोन वर्षांचा हट्ट होता. ती आणि तिचा नवरा निखिल विमानतळावर न्यायला आले होते. निखिल नागपूरचा, कॉम्प्युटरवाला, बोलण्यात मोकळा. तासभराचा रस्ता सगळा पाइनच्या झाडांतून गेला. इतकी उंच आणि इतकी सरळ झाडं की शिस्तीच्या शाळेत वाढल्यासारखी वाटावीत. घरं मोठी, पण एकालाही कुंपण नाही. रस्त्यावर माणूस नाही. प्रज्ञाने रात्री बार्शीच्या पद्धतीने शेंगदाण्याची आमटी केली आणि मला पहिल्याच दिवशी घरी असल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी शाळा भरली ती सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये. चौदा मुलं होती, शिवाय पालक. मी फळ्यावर लिहिलं: रोमचं चांदीचं नाणं, देनारिउस. आपल्या संस्कृत ग्रंथांत दीनार म्हणून जो शब्द येतो तो मूळचा हाच. असा एक देनारिउस म्हणजे चार सेस्टर्स (पितळी नाणी) किंवा सोळा आस (तांब्याची नाणी), आणि पंचवीस देनारिउस दिले की एक सोन्याचं नाणं.

"सो, देनारिउस इज लाइक अ डॉलर विथ फोर क्वार्टर्स?" एका मुलीने विचारलं.

"अगदी तसंच समज," मी म्हणाले.

मग आम्ही बाजार मांडला. एका टेबलावर मिरी, एकावर सुती ओढण्या, एकावर मणी. इजिप्तच्या हद्दीवर जकातवाली म्हणून बसवलेल्या मुलीने पूर्वेकडून आलेल्या मालाचा चौथा हिस्सा काढून घेतला तेव्हा मिरीवाल्यांनी आरडाओरडा केला, "दॅट्स नॉट फेअर!" रोमन व्यापारीही हेच म्हणत असणार, असं मी सांगितलं. मुलं रंगात आली.

एक काम मी निखिलला दिलं होतं. रोमच्या बाजारात कोपऱ्यावर मेज टाकून नाणेपारखी बसत. वरून चांदी आणि आत तांबं अशी खोटी नाणी सर्रास चालत, त्यामुळे पारखी नाणं तोलायचा, मेजावर टाकून त्याचा आवाज ऐकायचा, बोटांनी चाचपायचा, आणि नाणी मोडून देण्याबद्दल थोडा बट्टा घ्यायचा. निखिल घरून कॉफी तोलायचा छोटा काटा घेऊन आला होता आणि पालकांच्या खुर्चीत ऐटीत बसला होता.

"दोन पॉइंट सहा. दोन पॉइंट सहा. दोन पॉइंट सात." तो मोठ्याने आकडे वाचत होता. मग थांबला. नाणं काढून त्याने पुन्हा ठेवलं. "काकू, हे नकली आहे बरं का! तीन पॉइंट सात. बाकीच्यांपेक्षा जड निघालं."

"फेक! फेक!" मुलं ओरडली. कुणीतरी हसत मोबाइलवर फोटो काढला.

मी नाणं हातात घेतलं. भारतात सापडणाऱ्या पुष्कळ रोमन नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा एक घाव असतो. आत चांदी आहे की तांबं हे पाहायला तो घातला, असं काही अभ्यासक म्हणतात. आता हे नाणं नव्हे, नुसती चांदी आहे, असं दाखवायला घातला, असं बाकीचे म्हणतात. आमच्या नकलांवरही तो घाव होता, पण साच्यातून आलेला, बोथट. या नाण्याच्या घावात माझं नख अडकलं. मी ते मेजावर टाकलं. हॉलमध्ये एवढा गोंगाट असूनही तो बारीक, लांबलेला नाद मला ऐकू आला.

नकला केल्या होत्या बारा, आणि डब्यात नाणी बाराच होती. म्हणजे एक नक्कल संग्रहालयाच्या कपाटात होती आणि अस्सल नाणं जॉर्जियातल्या एका वाचनालयात, मिरीच्या टेबलाशेजारी, माझ्या तळहातावर.

मी तास पूर्ण केला. कसा केला ते आठवत नाही.

"काटा चुकू शकतो, बाई," प्रज्ञा गाडीत सगळं ऐकून म्हणाली. मलाही तसंच वाटावं असं फार वाटत होतं. म्हणून आम्ही सरळ जुन्या नाण्यांच्या एका दुकानात गेलो. नखं रंगवायचं दुकान आणि टायरचं दुकान यांच्या मधे ते होतं. गल्ल्यामागे सत्तरीची गोरी बाई बसली होती. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं उलटसुलट फिरवून पाहिलं.

"चांदी आहे," ती म्हणाली. "रोमन सम्राट तिबेरिउसचं. आणि भारतात सापडलेलं. हा घाव मी ओळखते. कागद आहेत?"

"नाहीत."

तिने नाणं मखमलीवर ठेवलं आणि हात असा मागे घेतला की जणू चटका बसला.

"मग मी याला हात लावणार नाही. घेणारे लोक आहेत. ते कागद मागत नाहीत. त्यांच्याकडे जाऊ नका." ती उठून दारापर्यंत आली. "तुम्ही चोर वाटत नाही. पण सोमवारपर्यंत याचं काही केलं नाहीत आणि मला पुन्हा दिसलात, तर मला फोन करावा लागेल."

घरी आल्यावर निखिल स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला लागला.

"सिंपल आहे काकू. आलं तसं घेऊन जा. डब्यात टाका, मसाल्याखाली ठेवा. कोणी विचारत नाही यार!"

"आणि विचारलं तर?" प्रज्ञा म्हणाली. "येताना बाईंनी नकला म्हणून सांगितलं, ती चूक होती. आता तेच सांगितलं तर ते खोटं होईल."

"मग काय, ऑफिसरला घरी बोलावू? आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. आपल्या घरात चोरीची अँटिक सापडली म्हणून एक ओळ जरी लिहिली गेली ना कुठे..." तो माझ्याकडे पाहून ओशाळला. "सॉरी काकू. तुम्हाला नाही म्हणत."

पण तो मलाच म्हणत होता, आणि त्याचं चूक नव्हतं. मी त्यांच्या घरी पाहुणी म्हणून आले होते आणि त्यांच्या अकरा वर्षांच्या धडपडीवर पाय ठेवून उभी होते.

रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, मी संग्रहालयाच्या बाबूरावांना फोन लावला. बाबूराव तिथले राखणदार. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली.

"बाबूराव, ओताऱ्याकडून आणून अस्सल नाण्याची जी पुडी मी तुम्हाला परत दिली, ती उघडून पाहिली होती का?"

"तुम्ही दिली म्हटल्यावर काय बघायचं ताई? होती तशी खणात ठेवली."

"आता बघा. फोन चालू ठेवून."

किल्ल्यांचा आवाज आला. कपाट करकरलं. मग काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज आला, बद्द, लाकडाचा तुकडा पडावा तसा.

"ताई, ह्याला नाद नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं. पुडी मीच बांधली होती. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, घरच्या टेबलावर तेरा नाणी पसरली होती, आणि त्यांतलं जे 'अस्सल' म्हणून मी वेगळं काढलं ते ओताऱ्याचं होतं. वजन करायचं मला सुचलं नाही. एकतीस वर्षं मुलांना नाणेपारख्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या मी.

"उद्या आमची सुट्टी," बाबूराव म्हणाले. "परवा सकाळी साहेब येतात. तोवर मी कुणाला बोलत नाही. पण परवा सांगणार, ताई. माझ्याच्यानं लपवायचं नाही."

"लपवू नका. त्याआधी मी इथे सांगते."

हे मी बोलून गेले आणि मागे वळून पाहिलं तर निखिल कॉफीचा मग घेऊन दारात उभा होता. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. तो वळून वर निघून गेला.

तासाभराने प्रज्ञाच्या फोनवर अनोळखी नंबरवरून इंग्रजीत निरोप आला. शनिवारच्या तासाचा फोटो कुणीतरी चार जणांना पाठवला होता आणि पाचव्याने तो शाळेच्या नावासकट, प्रज्ञाच्या नंबरासकट कुठेतरी टाकला होता. 'चांदीचं रोमन नाणं विकायचं आहे का? रोख देईन. तुमच्या भागातच आहे, आज येऊ शकतो.' प्रज्ञाने फोटो काढून टाकायला लावला. घरात थांबावंसं कुणालाच वाटेना. उत्तरेकडच्या डोंगरात सफरचंदांच्या बागा पाहायला जायचं आधीच ठरलं होतं. आम्ही निघालो. नाणं घरी ठेवायची हिंमत नव्हती. रुमालात बांधून मी ते पर्समध्ये घेतलं आणि पर्स मांडीवर.

तो प्रदेश सुंदर आहे. डोंगर फार उंच नाहीत, पण एकामागे एक निळे होत जातात, आणि ऑक्टोबरात झाडांना असे रंग येतात की एखाद्या पैठणीच्या दुकानात सगळे गठ्ठे सोडून ठेवल्यासारखं वाटतं. रस्त्याकडेला एक म्हातारा मोठ्या पातेल्यात बॉइल्ड पीनट्स (खारवून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा) विकत होता. शेंगा गरम होत्या, मऊ, थेट आपल्याकडच्या सुगीतल्यासारख्या. मी एक खाल्ली आणि पुढची सोलता आली नाही. एक हात पर्सवरून निघतच नव्हता. बागेत लोक बादल्या भरून सफरचंदं तोडत होते, आणि जवळून कुणी गेलं की मी दचकत होते.

परतताना मागून निळे दिवे लुकलुकले.

"पोलीस," निखिल म्हणाला. त्याने गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "कोणी हलू नका. काकू, पर्स उघडू नका."

अधिकारी तरुण होता. वेगाची मर्यादा ओलांडली म्हणाला. निखिलचं लायसन्स घेतलं, स्वतःच्या गाडीकडे गेला, परत आला. मग वाकून मागच्या सीटकडे पाहिलं. मी पर्स छातीशी धरून बसले होते.

"मॅम, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? घाम आलाय तुम्हाला."

"मी... पोलिसांनी गाडी अडवलेली पहिल्यांदाच पाहते आहे," मी म्हणाले. हे खरं होतं, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

तो क्षणभर माझ्या हातांकडे पाहत राहिला. मग त्याने एक कागद फाडून निखिलला दिला. "नुसती ताकीद आहे. हळू चालवा. आणि यांना पाणी द्या."

पुढच्या पेट्रोल पंपावर निखिलने गाडी थांबवली. खाली उतरला आणि बराच वेळ गाडीला टेकून उभा राहिला. परत बसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"काकू, मी चोरी केली नाही, तुम्ही केली नाही, आणि तरी मी त्या माणसाच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. एअरपोर्टवर तुम्हाला असं एकटं उभं राहायला लावणार होतो मी." त्याने गाडी सुरू केली. "उद्या सुट्टी घेतो. अटलांटाला आपल्या वकिलातीत मी ड्राइव्ह करतो."

सोमवारी दहा वाजता आम्ही वकिलातीत होतो. तिथल्या अधिकारी बाई मराठी नव्हत्या, पण त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग त्यांनी दोन फोन केले. दुपारी एक अमेरिकन अधिकारी आला. शांत आवाजाचा, उंच माणूस. त्याने माझा पासपोर्ट पाहिला.

"गुरुवारी विमानतळावर तुम्ही या नकला आहेत असं सांगितलंत."

"हो. तेव्हा मला तसंच वाटत होतं."

त्याने बाराही नाणी मेजावर मिसळली. "यातलं खरं कोणतं?"

मी एकेक मेजावर टाकलं. सातवं वाजलं. मी ते पुढे सरकवलं.

"इतक्या सहज कळतं," तो म्हणाला, "मग आधी कसं कळलं नाही?"

या प्रश्नाला डोळ्याचं ऑपरेशन हे उत्तर होतं आणि त्याची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. ती मी दाखवलीही. पण ते पुरेसं उत्तर नव्हतं. "मी तपासलं नाही," मी म्हणाले. "मला वाटलं, माझी चूक होणार नाही."

त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. प्रश्न तीन तास चालले. कुणी बनवलं, कुणाला दाखवलं, विकायचा विचार होता का. नाण्यांच्या दुकानाबद्दलही मी सांगितलं, त्या बाईने हात लावायला नकार दिला हेही. फोनवरचा तो निरोप प्रज्ञाने दाखवला. निखिलचं नाव आलं तेव्हा मी म्हणाले, "त्यांना वजन करेपर्यंत काही माहीत नव्हतं, आणि आज मला इथे आणलं तेही त्यांनीच." काचेपलीकडे निखिल गुडघ्यावर कोपरं टेकून बसलेला दिसत होता.

शेवटी सही करायची वेळ आली. रोममध्ये तपासलेल्या नाण्यांची थैली बांधून मोहोर लावली की तिला हाडाची एक छोटी पट्टी अडकवत. तिच्यावर पारख्याचं नाव आणि 'पाहिलं' एवढा एकच शब्द. तो पारखी बहुतेक वेळा गुलाम असे. पण थैली पुढे त्याच्या नावावर चाले. मी कागदावर माझं पूर्ण नाव लिहिलं.

"आता तुम्ही जाऊ शकता," तो म्हणाला. "गरज पडली तर बोलावू."

पुढचे सोळा दिवस मी अल्फारेटात होते आणि दारावरची प्रत्येक बेल मला त्याचीच वाटत होती. बोलावणं आलं नाही. निखिलच्या कागदांवर कुठलीही ओळ लिहिली गेली नाही, निदान आजवर तरी. निघताना त्याने वाकून नमस्कार केला.

परत आल्यावर चौकशी झाली. बाबूरावांनी कबूल केल्याप्रमाणे मंगळवारीच सगळं सांगितलं होतं आणि त्याचं बक्षीस म्हणून त्यांना दोन महिने घरी बसवलं गेलं होतं. मी समितीसमोर उभी राहून सांगितलं की पुडी मी बांधली, मी दिली, आणि माझ्यावरच्या विश्वासामुळे त्यांनी ती उघडली नाही. त्यांना लेखी समज देऊन कामावर घेतलं. मला समितीवरून काढलं. योग्यच केलं. नाणं सात महिन्यांनी सरकारी बंदोबस्तात परत आलं.

ते आल्याचं कळलं तेव्हा मी गेले. दहा रुपयांचं तिकीट काढून, पहिल्यांदाच. पूर्वी मी आले की बाबूराव न सांगता कपाट उघडून द्यायचे. लोक म्हणतात प्रवासाने माणूस मोठा होतो. मला त्या प्रवासात इतकंच कळलं की माझ्या नावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत होते, आणि मला ते आवडत होतं. माणसाला त्याची किंमत कळायला कधी कधी फार लांब जावं लागतं, आणि कळते ती आपण धरून चाललेल्या किमतीहून कमी निघते.

नाणं नव्या काचेत होतं. मी चष्मा सावरून वाकले.

"ताई," बाबूराव मागून म्हणाले. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. "काचेपासून थोडं मागं."

मी मागे सरले.